ह्मार भाषेचे रोजचे शब्द मराठीतून कसे शिकावेत

ईशान्य भारतातील लहान भाषांचे जे शब्दसंग्रह आपल्या हाती पडतात, ते बहुधा इंग्रजीतून असतात. एका बाजूला मूळ शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा एकशब्दी इंग्रजी अर्थ, आणि मराठी वाचक त्या इंग्रजी अर्थाचे मनात पुन्हा मराठी करून घेतो. ह्मार भाषेच्या बाबतीत ही मधली पायरी उपयोगाची नाही, उलट नुकसानीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ह्मारमध्ये असलेले कितीतरी भेद मराठीतही आहेत, पण इंग्रजीत नाहीत, आणि इंग्रजीतून जाताना नेमके तेच गळून पडतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक, थोरल्या आणि धाकट्या भावंडांतला फरक, कर्त्याला लागणारा ‘ने’ हे सारे मराठी माणसाला जन्मतः अवगत असते. म्हणून इंग्रजी अर्थांची यादी जवळ असली तरी तिचा आधार पडताळणीपुरता घ्यावा आणि शब्द थेट मराठीतून शिकावेत. तसे करण्याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

प्रथम भाषेचा ठावठिकाणा. ह्मार ही तिबेटो-बर्मन कुळातील कुकी-चिन शाखेची भाषा असून मिझो भाषेची ती जवळची नातलग आहे. मणिपूरच्या चुराचांदपूर आणि २०१६ मध्ये वेगळ्या झालेल्या फेरझॉल जिल्ह्यात, मिझोरामच्या उत्तर भागात, आसामच्या काछाड आणि दिमा हासाओ जिल्ह्यांत ती प्रामुख्याने बोलली जाते. मेघालय आणि त्रिपुरातही तिचे भाषक आहेत. २०११ च्या जनगणनेत ह्मार ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ९९ हजार होती. ती रोमन लिपीत लिहिली जाते. महाराष्ट्रात ती ऐकू येण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा अधिक आहे: ईशान्येकडील तरुण पुण्यामुंबईत शिकायला आणि नोकरीला येतात, आणि मिझोराम-मणिपूरचे रुग्ण आपल्या नातेवाइकांसह परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येतात. परक्या शहरात आजारपण काढणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेतले चार शब्द कानी पडले तर काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

पहिली पायरी: शब्दांआधी कान तयार करावा

भाषेचे नाव उच्चारण्यापासूनच सुरुवात करावी. वर्तमानपत्रे ‘हमार’ असे लिहितात, पण मूळ उच्चारात दोन अक्षरे नाहीत, एकच आहे. नाकातून हवेचा हलका फुंकर सोडून त्याच श्वासात ‘मार’ म्हणावे, म्हणजे जवळपास योग्य उच्चार होतो. मराठीत ‘म्हण’, ‘न्हाणे’, ‘कोल्हा’ या शब्दांत म, न, ल यांच्यासोबत ह येतो. पण तिथे आधी म सुरू होतो आणि ह त्यात मिसळतो. ह्मारमध्ये क्रम उलटा आहे: आधी श्वास, मग अनुनासिक. आपण ‘ब्रह्म’ असे लिहितो आणि ‘ब्रम्ह’ असे म्हणतो. ह्मार शब्द मात्र लिहिल्याबरहुकूम, ह आधी ठेवूनच म्हणायचे. या लेखात म्हणूनच ह्म, ह्न, ह्र अशी अक्षरे वापरली आहेत. ‘ह्मु’ म्हणजे पाहणे, ‘ह्मिङ’ म्हणजे नाव, ‘ह्नुओइ’ म्हणजे जमीन किंवा पृथ्वी, ‘ह्रिल’ म्हणजे सांगणे. हे चार शब्द दिवसभर पुटपुटले तरी पुढचे बरेच काम सोपे होते.

दुसरा आवाज ‘ङ’. मराठीत तो क आणि ग यांच्या आधी सर्रास येतो, पण एकटा, मोकळा ङ आपल्याला ‘वाङ्मय’ किंवा ‘पराङ्मुख’ अशा मोजक्या शब्दांतच भेटतो. ह्मारमध्ये तो शब्दाच्या शेवटी येतोच, शिवाय आरंभीही येतो: ‘ङा’ म्हणजे मासा. येथे ‘नगा’ किंवा ‘न्गा’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळण्याची युक्ती अशी: ‘वाङ्’ हे अक्षर म्हणून जीभ तिथेच मागे टेकलेली ठेवावी आणि ग न आणता तोंड ‘आ’साठी उघडावे.

तिसरा आवाज रोमन लिखाणात ‘टी’ या अक्षराखाली टिंब देऊन दाखवतात. त्याचा उच्चार ‘ट्र’च्या जवळ जातो आणि त्याला ह जोडला की ‘ठ्र’च्या. ‘ठ्रा’ म्हणजे चांगला. छापताना किंवा मोबाइलवर टंकताना हे टिंब पुष्कळदा गळते, त्यामुळे साधा ‘टी’ दिसला तरी शंका ठेवावी. साधा ‘टी’ मात्र मराठी ‘त’सारखा दंत्य असतो: ‘तुइ’ म्हणजे पाणी. फ हा ‘फळ’मधला नव्हे तर ‘फोन’मधला समजावा. रोमन ‘झेड’साठी मी ‘ज’ लिहिला आहे, पण तो ‘जरा’मधला ज आहे, ‘जीवन’मधला नव्हे. आपल्या मूळ मराठी शब्दांत हा ज इकारापूर्वी येत नसल्यामुळे ‘जिङ’, म्हणजे सकाळ, हा शब्द मराठी जिभेला पहिल्यांदा चकवतो. ‘एडब्ल्यू’ ही जोडी ऑ असा स्वर दाखवते: ‘सॉम’ म्हणजे दहा.

राहिला सुरांचा प्रश्न. ह्मार ही सुरावलीची भाषा आहे. अक्षर चढ्या, उतरत्या की सपाट सुरात म्हटले यावर अर्थ ठरतो, आणि नेहमीच्या लिखाणात हा सूर दाखवला जात नाही. ‘इन’ म्हणजे घर आणि ‘इन’ म्हणजे तुम्ही. ‘नि’ म्हणजे सूर्य किंवा दिवस आणि ‘नि’ म्हणजे असणे. लिहिलेले रूप एकच असते, म्हणून लिहिलेल्यावर विसंबू नये. सूर पुस्तकातून शिकता येत नाहीत. बोलणाऱ्याला शब्द तीनदा म्हणायला सांगावे, नंतर शब्द सोडून त्याची नुसती चाल ‘हूं’ करून गुणगुणायला सांगावी आणि ती चाल आपणही गुणगुणावी. गाण्याचे थोडे अंग असलेल्यांना हे फार लवकर साधते.

दुसरी पायरी: वही आखणे

वहीत पाच रकाने असावेत: शब्दाचे रोमन रूप जसे बोलणाऱ्याने लिहून दिले तसे, देवनागरीतला उच्चार, सुराची खूण, मराठी अर्थ, आणि तो शब्द असलेले एक पूर्ण वाक्य. इंग्रजी अर्थाचा रकाना ठेवायचाच असेल तर अगदी शेवटी ठेवावा. पानाच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचे गाव लिहावे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण थिएक, फायह्रिएम, लुङताउ, दारङॉन अशी अनेक कुळे या समाजात आहेत आणि कुळांच्या बोलींत फरक आहेत. दोन माणसांनी एकाच वस्तूला दोन शब्द दिले तर त्यातला एक चुकीचा आहे असे न समजता दोन्ही आपापल्या गावाच्या नावासह नोंदवावेत. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी आणि मुद्रण कुठे वापरणार हे सांगावे.

ह्मार ही ‘मिझोची एक बोली’ आहे असे सहजपणे म्हणू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. मणिपूरमध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ह्मार’ हे नाव १९५६ पासून स्वतंत्रपणे आहे. आपली ओळख कशी सांगायची याविषयी या भागातील लोकांच्या भावना तीव्र आणि वेगवेगळ्या आहेत; समोरचा माणूस स्वतःच्या भाषेला जे नाव देतो तेच आपण वापरावे.

तिसरी पायरी: माणसे आणि नाती

‘नु’ म्हणजे आई, ‘पा’ म्हणजे वडील. ‘मि’ म्हणजे माणूस किंवा व्यक्ती, ‘मिह्रिएम’ म्हणजे मानव, ‘नुह्मेइ’ म्हणजे स्त्री, ‘पासाल’ म्हणजे पुरुष, ‘नाउपाङ’ म्हणजे लहान मूल. अनेकवचनासाठी शेवटी ‘हाइ’ लावतात: ‘नाउपाङहाइ’ म्हणजे मुले.

भावंडांच्या शब्दांत इंग्रजी यादीचा पहिला मोठा दोष दिसतो. तिथे ‘ब्रदर’ आणि ‘सिस्टर’ या घरांत शब्द कोंबलेले असतात. ह्मारमध्ये आधी पाहिले जाते ते वय. ‘उ’ म्हणजे थोरले भावंड, मग तो दादा असो वा ताई. ‘नाउ’ म्हणजे धाकटे. आणि हे दोन शब्द जोडून ‘उनाउ’ म्हणजे भावंडे. मराठीत ‘भाऊबहीण’ हा जोडशब्द लिंगावर बेतलेला आहे, ‘उनाउ’ हा वयावर. मनात ‘थोरली-धाकटी’ असा अनुवाद केला की तो लगेच पटतो. ‘नाउ’ला अपत्य हाही अर्थ आहे, आणि त्यातून ‘नाउपा’ म्हणजे मुलगा व ‘नाउनु’ म्हणजे मुलगी. शेवटचे ‘पा’ आणि ‘नु’ आपण वर वडील आणि आई म्हणून पाहिलेच आहेत. इथे ते पुरुष-स्त्री भेद दाखवतात.

‘पु’ म्हणजे आजोबा आणि ‘पि’ म्हणजे आजी. आईच्या भावालाही ‘पु’ म्हणतात. मराठीत मामाला आजोबांच्या शब्दाने कोणी हाक मारत नाही, त्यामुळे ‘पु’समोर वहीत ‘आजोबा, मामा’ असे दोन्ही अर्थ लिहावेत, नाहीतर एखाद्या तिशीतल्या माणसाला ‘पु’ म्हटलेले ऐकून आपण बुचकळ्यात पडू. शिवाय प्रौढ पुरुषाच्या नावाआधी आदराने ‘पु’ आणि स्त्रीच्या नावाआधी ‘पि’ लावतात, आपल्या ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’सारखे, पण बोलण्यातही चालणारे. वडीलधाऱ्यांशी बोलताना हे दोन शब्द न चुकता वापरावेत.

नात्यांचे आणि अवयवांचे शब्द विचारताना एक अडचण हमखास येते. हाताकडे बोट दाखवून विचारले की उत्तर मिळते ‘का कुत’, आणि आपण भाबडेपणाने तोच एक शब्द समजून लिहितो. प्रत्यक्षात ‘कुत’ म्हणजे हात आणि ‘का’ म्हणजे माझा. ‘का नु’ माझी आई, ‘का पा’ माझे वडील, ‘का इन’ माझे घर. यादीत एकापाठोपाठ सगळे शब्द ‘का’ने सुरू होऊ लागले की थांबून तो ‘का’ बाजूला काढावा.

चौथी पायरी: ‘का’, ‘इ’, ‘आ’ ही किल्ली

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी. ‘का’ (मी, माझा), ‘इ’ (तू, तुझा), ‘आ’ (तो, ती, ते आणि त्यांचे), ‘कान’ (आम्ही, आमचा), ‘एइ’ (आपण, आपला), ‘इन’ (तुम्ही, तुमचा), ‘आन’ (ते लोक, त्यांचा). हीच अक्षरे नामाआधी आली की मालकी दाखवतात आणि क्रियापदाआधी आली की कर्ता दाखवतात. ‘फे’ म्हणजे जाणे. ‘का फे’ मी जातो, ‘इ फे’ तू जातोस, ‘आ फे’ तो किंवा ती जाते. मराठीत क्रियापदाच्या शेपटाला जे होते ते इथे तोंडाशी होते, आणि लिंगाचा भेद तर नाहीच. स्वतंत्र सर्वनामे वेगळी आहेत: ‘केइ’ मी, ‘नाङ’ तू, ‘आमा’ तो किंवा ती. जोर द्यायचा असेल तेव्हा ती येतात, पण ती आली तरी क्रियापदाआधीचे छोटे अक्षर गळत नाही.

‘कान’ आणि ‘एइ’ यांची जोडी मराठी माणसासाठी खास आनंदाची आहे. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याला वगळून ‘कान’, त्याला धरून ‘एइ’. म्हणजे नेमके आपले ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजी यादीत दोन्हींसमोर एकच ‘वी’ असतो आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागतो. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला उद्देशून ‘कान पा’ म्हणतात, कारण ‘आमचा पिता’ म्हणताना ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो पिता त्या ‘आम्ही’त नसतो. मराठी प्रार्थनेतही ‘आमच्या पित्या’ असेच आहे, ‘आपल्या’ नाही.

येथेच मराठी कानाला फसवणारे शब्द एकत्र लिहून ठेवावेत. आपला ‘का’ प्रश्न विचारतो, त्यांचा ‘का’ म्हणजे मी. आपला ‘मी’ म्हणजे स्वतः, त्यांचा ‘मि’ म्हणजे माणूस, आणि क्रियापदाआधी आला तर ‘मला’. आपला ‘कान’ ऐकतो, त्यांचा ‘कान’ म्हणजे आम्ही. आपला ‘ना’ नकार देतो, त्यांचा ‘ना’ म्हणजे दुखणे. उलट ‘लेखाबु’ म्हणजे पुस्तक, यातील ‘लेखा’ आपल्या ‘लेख’शी जुळतो.

पाचवी पायरी: शरीर आणि प्रकृती

‘लु’ डोके, ‘मित’ डोळा, ‘हा’ दात, ‘साम’ केस, ‘कुत’ हात, ‘के’ पाय. हे शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा एका साच्यात घालावेत: ‘का लु आ ना’, म्हणजे माझे डोके दुखते. शब्दशः पाहिले तर ‘माझे डोके, ते दुखते’ अशी रचना आहे आणि ती मराठी रचनेला अगदी चिकटून जाते. ‘का मित आ ना’, ‘का हा आ ना’, ‘का के आ ना’ अशी वाक्ये म्हणत गेले की शब्द आणि व्याकरण दोन्ही एकदम बसतात. समोरच्याचे दुखणे विचारताना ‘का’च्या जागी ‘इ’ ठेवावा. इंग्रजीत ‘हेडेक’ असा वेगळा नामशब्द लागतो. आपल्याला आणि ह्मार भाषकाला तो लागत नाही.

‘दाम’ म्हणजे बरे असणे, निरोगी असणे. ‘का दाम’, मी बरा आहे. ‘का नु आ दाम’, माझी आई बरी आहे. प्रश्न करण्यासाठी शेवटी ‘आम’ लावतात: ‘इ दाम आम?’, बरा आहेस ना? भेटल्यावर ‘चिबाइ’ म्हणतात. नमस्काराच्या जागी तो शब्द चालतो. आभार मानताना ‘का लॉम’ म्हणतात, ज्याचा शब्दार्थ ‘मी आनंदलो’ असा आहे. इंग्रजी यादी त्याच्यासमोर ‘थँक यू’ लिहून मोकळी होते आणि ‘लॉम’ म्हणजे आनंद होणे हा मूळ अर्थ हरवतो.

सहावी पायरी: घर, चूल, जेवण

‘इन’ घर, ‘मेइ’ विस्तव, ‘थिङ’ झाड किंवा लाकूड, ‘तुइ’ पाणी. प्राण्यांत ‘उइ’ कुत्रा, ‘वोक’ डुक्कर, ‘आर’ कोंबडी, ‘सिएल’ म्हणजे मिथुन, ईशान्येतील तो धिप्पाड, अर्धरानटी पाळीव गवा. ‘सा’ म्हणजे प्राणी आणि मांसही; म्हणून ‘वोकसा’ डुकराचे मांस, ‘आरसा’ कोंबडीचे मांस. आपल्याकडे ‘आरसा’ म्हणजे दर्पण, तेव्हा हा शब्द विसरण्याची भीती नाही. ‘आरतुइ’ म्हणजे अंडे. ‘थिङपुइ’ म्हणजे चहा.

भाताकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. इंग्रजी यादीत ‘राइस’ हा एकच अर्थ असतो आणि कोणता तांदूळ ते कळत नाही. मराठीत शेतातले भात, कांडलेला तांदूळ आणि पानातला भात हे आपण वेगळे ओळखतो. ह्मारमध्ये पानातला भात आणि त्या अनुषंगाने जेवण म्हणजे ‘बु’, आणि कांडून स्वच्छ केलेला तांदूळ म्हणजे ‘बुफाइ’. ‘बु फाक’ म्हणजे भात खाणे, अर्थात जेवणे. कोकणातल्या माणसाला भात म्हणजेच जेवण हे समीकरण समजावून सांगावे लागत नाही. ‘बु इ फाक ता आम?’ म्हणजे ‘जेवलास का?’. पिण्यासाठी ‘दॉन’ हे क्रियापद आहे: ‘तुइ दॉन’ पाणी पिणे, ‘थिङपुइ दॉन’ चहा पिणे. मराठीत चहा ‘घेतो’ तसे इथे घेण्याचे क्रियापद शोधत बसू नये.

सातवी पायरी: क्रियापदे, नकार आणि काळ

वाक्याचा क्रम मराठीसारखाच आहे: कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. विशेषण मात्र नामाच्या मागून येते. ‘लिएन’ म्हणजे मोठा, आणि ‘इन लिएन’ म्हणजे मोठे घर. ‘मि ठ्रा’ म्हणजे चांगला माणूस. ‘घरात’ म्हणताना आपण प्रत्यय शेवटी लावतो तसाच त्यांचा ‘आ’ शेवटी लागतो: ‘इना’, घरात. आणि सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘इन’ हा प्रत्यय लागतो, जो आपल्या ‘ने’चा सख्खा भाऊ शोभेल: ‘नाउपाङिन बु आ फाक’, म्हणजे मूल भात खाते. आपला ‘ने’ प्रामुख्याने भूतकाळात येतो (‘मुलाने भात खाल्ला’), त्यांचा ‘इन’ वर्तमानातही येतो, एवढे ध्यानात ठेवावे. मिझो किंवा ह्मार शिकणारे परदेशी अभ्यासक ज्या प्रत्ययापाशी अडखळतात, तो मराठी भाषकाला घरातला वाटतो.

आधी ही क्रियापदे पक्की करावीत: फे (जाणे), हुङ (येणे), उम (असणे, राहणे), फाक (खाणे), दॉन (पिणे), पे (देणे), नेइ (जवळ असणे), ह्मु (पाहणे), ह्रिल (सांगणे), थॉ (करणे), सिएम (बनवणे), नुओम (इच्छा असणे), ह्रिएत (कळणे, ऐकू येणे). शेवटच्या शब्दासमोर इंग्रजी यादीत बहुधा ‘नो’ एवढाच अर्थ मिळतो. पण कानाने ऐकणे आणि मनाला कळणे ही दोन्ही कामे तो करतो, म्हणून दोन्ही अर्थ नोंदवावेत. काही क्रियापदे वाक्यातील जागेनुसार शेवटच्या ‘क’सह किंवा त्याशिवाय येतात, जसे ‘पे’ आणि ‘पेक’, ‘फा’ आणि ‘फाक’. दोन वेगळे शब्द समजून ती वेगवेगळ्या पानांवर लिहू नयेत.

आता एकाच क्रियापदावर सगळे प्रत्यय फिरवून पाहावेत. का फे, मी जातो. का फे नॉ, मी जात नाही. का फे ता, मी गेलो. का फे दिङ, मी जाणार. का फे नुओम, मला जायचे आहे. का फे नुओम नॉ, मला जायचे नाही. ‘नॉ’ हा नकार क्रियापदाच्या मागे, शेवटी येतो, जसा आपला ‘नाही’. ‘का ह्रिएत नॉ’, मला माहीत नाही, हे वाक्य शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून लागते. विनंतीसाठी ‘रॉ’: ‘हुङ रॉ’, या, ‘तुइ मि पे रॉ’, मला पाणी द्या.

क्रियापदापासून नाम करण्यासाठी ‘ना’ आणि करणारा दाखवण्यासाठी ‘तु’ लावतात. ‘दाम’पासून ‘दामना’ म्हणजे आरोग्य, ‘उम’पासून ‘उमना’ म्हणजे राहण्याची जागा, ‘सिएम’पासून ‘सिएमतु’ म्हणजे निर्माता. दुखण्याचा ‘ना’ आणि हा ‘ना’ वेगळे आहेत.

आठवी पायरी: आकडे आणि काळवेळ

एक ते दहा: पाखात, पाह्नि, पाथुम, पालि, पाङा, पारुक, पासारि, पारिएत, पाकुओ, सॉम. पहिल्या नऊंचा ‘पा’ हा आकड्याचा भाग नसून उपसर्ग आहे; ‘नि थुम’ म्हणजे तीन दिवस, ‘कुम खात’ म्हणजे एक वर्ष, अशा मोजण्याच्या शब्दांनंतर तो गळतो. पुढची रचना मराठीपेक्षा खूपच सरळ आहे. वीस म्हणजे ‘सॉमह्नि’, तीस म्हणजे ‘सॉमथुम’, आणि ‘ले’ म्हणजे आणि, म्हणून पस्तीस म्हणजे ‘सॉमथुम ले पाङा’. आपल्याकडे अकरापासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. इथे दहा शब्दांवर शंभराच्या उंबरठ्यापर्यंत जाता येते. शंभर म्हणजे ‘जा’.

‘नि’ म्हणजे सूर्य आणि दिवस, ‘थ्ला’ म्हणजे चंद्र आणि महिना, ‘कुम’ म्हणजे वर्ष. ‘जिङ’ सकाळ, ‘जान’ रात्र, ‘वॉइसुन’ आज. रविवार हा ‘पाथिएन’, म्हणजे देव, याच्या नावाने ‘पाथिएननि’ होतो.

नववी पायरी: नकाशातून शब्द

स्थळनामे हा रोजच्या शब्दांचा फार मोठा साठा आहे. बराक नदीला ह्मार लोक ‘तुइरुओङ’ म्हणतात. त्यात ‘तुइ’ ओळखीचा आहे. तुइवाइ ही दुसरी नदी तिला मणिपूरच्या दक्षिण टोकाला मिळते, आणि त्या संगमाला बाहेरचे जग तिपाइमुख म्हणत असले तरी ह्मार नाव आहे ‘रुओङलेवाइसुओ’. ते तोडून पाहावे: रुओङ, ले, वाइ, सुओ. ‘ले’ म्हणजे आणि, हे आपण आकड्यांत पाहिले. दोन नद्या जिथे एकत्र बाहेर पडतात ती जागा, असा अर्थ आपोआप उलगडतो. ‘खुओ’ म्हणजे गाव, ‘त्लाङ’ म्हणजे डोंगर, ‘राम’ म्हणजे प्रदेश. ‘ह्मार’ या शब्दाचाच एक अर्थ उत्तर दिशा आहे. डिसेंबरच्या ५ तारखेला साजरा होणाऱ्या सणाचे नाव ‘सिकपुइ रुओइ’. त्यातला ‘रुओइ’ म्हणजे मेजवानी.

दहावी पायरी: मिझोच्या मोठ्या कोशांचा आधार कसा घ्यावा

मिझो भाषेचे कोश आणि अभ्यासपुस्तके ह्मारच्या तुलनेत पुष्कळ अधिक आहेत, म्हणून अडलेला शब्द तिथे शोधता येतो; मात्र तो जशाचा तसा उचलू नये. काही ध्वनिबदल नियमित आहेत. मिझोतला ‘इआ’ ह्मारमध्ये ‘इए’ होतो आणि ‘उआ’ होतो ‘उओ’: देवासाठी पाथिआन आणि पाथिएन, आठासाठी पारिआत आणि पारिएत, नवासाठी पाकुआ आणि पाकुओ, गावासाठी खुआ आणि खुओ. मिझोतल्या ‘छ’च्या जागी ह्मारमध्ये ‘स’ येतो. दोन्ही समाज ज्या आदिस्थानातून आपण बाहेर आलो असे सांगतात, त्याचे मिझो नाव छिनलुङ आणि ह्मार नाव सिनलुङ. पण अत्यंत वापरातले कित्येक शब्द मुळातच वेगळे आहेत. जाणे हे मिझोत ‘काल’, ह्मारमध्ये ‘फे’; खाणे हे तिकडे ‘एइ’, इकडे ‘फाक’; नकार तिकडे ‘लो’, इकडे ‘नॉ’. आणि ह्मारमधला ‘एइ’ म्हणजे तर आपण. नियमाने घडवलेला शब्द वहीत पेन्सिलीने लिहावा आणि ह्मार भाषकाने होकार दिल्यावरच शाईने.

अकरावी पायरी: समांतर वाचन

ह्मार भाषेत सर्वांत सहज मिळणारा मोठा छापील मजकूर म्हणजे बायबल. १९१० मध्ये वॉटकिन रॉबर्ट्स हे वेल्श मिशनरी सेनवोन गावी पोचले, आणि पुढे रोचुङा पुदाइते यांनी नव्या कराराचे ह्मार भाषांतर केले, ते १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. धर्म कोणताही असो, भाषा शिकणाऱ्याला या ग्रंथाचा उपयोग असा की अध्याय आणि ओव्यांचे क्रमांक सर्व भाषांत सारखे असतात, म्हणून एका बाजूला ह्मार आणि दुसऱ्या बाजूला मराठी ठेवून ओळीला ओळ लावून वाचता येते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी भाषांतर साध्या बोलीच्या जवळ जाणारे असल्यामुळे या कामाला चांगले. रोज पाच ओव्या पुरेत. एकाच ओवीत आलेले ‘पाथिएन’, ‘वान’ (आकाश), ‘ह्नुओइ’, ‘सिएम’ हे शब्द शोधून अधोरेखित करावेत आणि उरलेल्या शब्दांचा अर्थ मराठी ओळीवरून अंदाजाने काढावा. धर्मग्रंथाची भाषा बाजारातल्या भाषेपेक्षा भारदस्त असते, त्यामुळे तिथला प्रत्येक शब्द चहाच्या टपरीवर चालेल असे नाही.

बारावी पायरी: पडताळणी

गोळा केलेला शब्द दोन दिवसांनी उलट बाजूने विचारावा. आधी ‘पाण्याला काय म्हणता’ असे विचारले असेल तर नंतर ‘तुइ म्हणजे काय’ असे विचारावे, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाला. त्याने दिलेले स्पष्टीकरण पहिल्या अर्थाशी जुळले तरच नोंद पक्की करावी. जुळले नाही तर ती चूक न मानता तिथे रेंगाळावे, कारण ‘ह्रिएत’सारख्या शब्दाचा दुसरा अर्थ असाच सापडतो. एका बैठकीत पंधरा-वीस शब्दांपलीकडे जाऊ नये. थकलेला माणूस ‘हो हो, तसेच’ म्हणून आपली चूक मान्य करून टाकतो. बैठकीच्या अखेरीस त्या दिवशीचे सर्व शब्द आपण स्वतः मोठ्याने वाचून दाखवावेत आणि समोरचा जिथे थांबवील तिथे सूर दुरुस्त करावा. उठताना ‘का लॉम’ म्हणावे, ‘ल’ दंत्य ठेवून आणि ‘ऑ’ पुरता उघडून.